एक कॉम्प्युटर, दोन चुली

मंडळी, रस्ते, पाणी, कापसाचा भाव आणि उसाची बिलं यावर आपण इथं नेहमीच बोलतो. आजचा विषय घरातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा आहे. पोस्ट लांब आहे, पण घरात सहा-आठ वर्षांचा जुना कॉम्प्युटर असेल तर शेवटपर्यंत वाचा. प्रश्न तुमच्या पैशाचाही आहे आणि आपल्या मराठीचाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. २०१५च्या जुलैत आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली. सपोर्ट थांबला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. तो सुरू होतो, गाणी वाजवतो, प्रिंट काढतो. फक्त सिस्टिममध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कंपनी येणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर चारीला पाणी चालू आहे, पण चारी फुटली तर दुरुस्तीला कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे, तीही नोंदणी केली तर. ती १३ ऑक्टोबर २०२६ला संपते.

मग विंडोज ११ का टाकत नाही? कारण ती जुन्या मशीनला घेतच नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेला बहुतेक कॉम्प्युटर कितीही ठणठणीत असला तरी नियमाने बाद.

या प्रश्नावर गावात दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला दुकानातला, "दादा, हा भंगारात द्या, नवा घ्या." दुसरा कट्ट्यावरचा, "काही होत नाही राव, चालतंय तवर चालू द्या." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात आपले तीस-चाळीस हजार जातात. दुसऱ्यात कधी बँक खातं, कधी पोरांचे फोटो आणि कागदपत्रं जाण्याची भीती राहते.

तिसरा रस्ता आहे आणि तो मी गेलं दीड वर्ष वापरतोय. एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम. एक विंडोज, दुसरी लिनक्स. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावांची यादी येते. बाण खालीवर करायचा, हवी ती निवडायची. एका वेळी एकच चालते. दुसरी हवी असेल तर बंद करून पुन्हा चालू करायचं.

हे समजायला शेतीएवढं सोपं उदाहरण नाही. हार्ड डिस्क म्हणजे एक गट नंबर. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की त्याची वाटणी होते. मधे बांध पडतो. हा भाऊ आपल्या हिश्श्यात कापूस लावतो, तो तूर. विहीर सामाईक ठेवता येते. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. एक हिस्सा विंडोजला, एक लिनक्सला आणि तिसरा फोटो, कागदपत्रांसाठी सामाईक. लिनक्सला विंडोजच्या हिश्श्यातलं वाचता येतं, विंडोजला लिनक्सच्या हिश्श्यातलं आपणहून वाचता येत नाही. म्हणून सामाईक हिस्सा विंडोजच्या पद्धतीने आखायचा, म्हणजे दोघांनाही तिथलं पाणी उपसता येतं.

आता कोणी म्हणेल, लिनक्स एवढं फुकट आणि चांगलं असेल तर विंडोज काढूनच टाका की. दोन चुली कशाला? या प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यात आहे, आणि खरं सांगायचं तर ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी बातम्या लिहायला लागलो तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारखे फॉन्ट. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. अंक लावायला पेजमेकर. जिल्ह्यातल्या छोट्या साप्ताहिकांपासून लग्नपत्रिकेच्या डीटीपी सेंटरपर्यंत सगळं यावर चाललं आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालतं. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड मराठी कळत नाही.

या जुन्या फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. प्रत्येक कंपनीने कोणत्या चिन्हावर कोणतं चित्र चढवायचं हे आपापलं ठरवलं. त्यामुळे एकाच्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की गचाळा. फॉन्टच नसेल तर नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी. त्यात शोधायला गेलं तर "शेवगाव" हा शब्द सापडत नाही, कारण तो तिथं शब्द म्हणून लिहिलेलाच नाही.

माझ्या विंडोजच्या हिश्श्यात अशा हजारो फाईल आहेत. २०१२-१३चा दुष्काळ आहे. २०१८-१९ला जनावरांच्या छावण्या लागल्या तेव्हाच्या बातम्या आहेत. ग्रामपंचायतींचे निकाल, नाथसागराच्या फुगवट्याकाठच्या गावांचे प्रश्न, बाजार समितीतल्या सभा, गेलेल्या माणसांच्या आठवणी. कोणाला ही किरकोळ कात्रणं वाटतील. पण तालुक्याचा इतिहास मोठ्या ग्रंथात येत नसतो. तो अशाच फाईलींत असतो आणि आज तो एका फॉन्टच्या, एका जुन्या सॉफ्टवेअरच्या आणि एका सिस्टिमच्या दावणीला बांधलेला आहे. विंडोज पुसली की तो पुसला.

म्हणून जुनी चूल मोडली नाही. फक्त तिची इंटरनेटची तार काढली. विंडोज उघडायची ती जुनी फाईल काढायला किंवा अंक लावायला, आणि तीही नेटशिवाय. बातमी लिहिणं, मेल, बँक, वीजबिल, पोरीचा अभ्यास हे सगळं लिनक्सवर, कारण तिथं सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात. मी लिनक्स मिंट वापरतो. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. दोन जीबी रॅमवर चालते, चार असेल तर बरी चालते. माझ्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तेवढाच काय तो खर्च.

माझ्यासारखंच कारण इतरांनाही आहे, फक्त नाव वेगळं. दुकानदाराचं टॅली विंडोजवरच चालतं. सेवा केंद्रवाल्याच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज नाहीतर अँड्रॉइड मागतं. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर चालवणं म्हणजे डोक्याला ताप. एक्सेलमध्ये मॅक्रो भरून केलेले तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये नीट उघडतीलच असं नाही. अशा माणसाला "विंडोज सोडा" सांगणं सोपं आहे, त्याचा धंदा आपल्याला चालवायचा नसतो. दोन सिस्टिमची सोय अशा मधल्या माणसांसाठीच आहे. एका काठावरून पाय उचलायचा, पण दुसऱ्या काठावर टेकल्यावरच.

ज्यांना करायचं आहे त्यांनी एवढं पाळा.

१) वाटणीआधी उतारा काढून ठेवतो तसा आधी बॅकअप घ्या. बाहेरच्या हार्ड डिस्कवर, सगळ्याचा. हिस्से पाडताना चूक झाली तर विंडोज आणि फोटो दोन्ही जातात.

२) थेट टाकू नका. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते बघा. चार दिवस वापरा. पटलं तर पुढं.

३) लॅपटॉपवर बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर नंतर विंडोज तुमच्याच घरात तुम्हालाच ओळख विचारील.

४) विंडोजचा हिस्सा विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लहान करा. मग मोकळ्या जागेत लिनक्स.

५) विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्स सामाईक हिश्श्यात काही लिहू देत नाही.

६) घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. मशीनच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजून वाचते, लिनक्स जागतिक वेळ समजून. आपल्या आणि जागतिक वेळेत साडेपाच तासांचा फरक. लिनक्सला एकदा स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भांडण मिटतं.

७) आपल्या गावासाठी खास: हे काम यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा. लॅपटॉप असेल तर चार्जिंग फुल करून. हिस्से पाडताना लाईट गेली तर कोणालाच दोष देता येणार नाही.

आणि हेही सांगतो, दोन चुलींच्या घरात कधी कधी भांड्याला भांडं लागतं. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर अनेकांच्या मशीनवर लिनक्स सुरूच होईना. उपाय निघाला, पण तोवर लोक अडकले. "लिनक्सला व्हायरस येत नाही" हेही खरं नाही. कमी येतात, आणि फसवणुकीच्या लिंकवर आपणच पासवर्ड टाकला तर कोणतीही सिस्टिम वाचवत नाही. ज्याचा सगळा धंदा एकाच मशीनवर आहे त्याने स्वतः प्रयोग करू नये. माहितगार माणूस शेजारी बसवावा.

इथवर घरचं झालं. आता गावचं.

केरळात सरकारी शाळांचं संगणक शिक्षण बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर चालतं. तिथली काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते. उत्तर प्रदेशात २०१३ला सरकारने बारावी पास मुलांना लॅपटॉप वाटले, त्यात विंडोज आणि उबुंटू अशा दोन्ही सिस्टिम होत्या. केंद्र सरकारने २०१५ला धोरण काढलं की सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं. ज्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, तिने बॉस नावाचं भारतीय लिनक्स कधीच बनवलंय, त्यात मराठीचीही सोय आहे. म्हणजे हे खूळ माझ्या डोक्यातलं नाही.

आणि आपल्याकडं? कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, टायपिंग म्हणजे वर्ड, एवढंच शिकून पोरं बाहेर पडतात. दुसरी सिस्टिम असते हेच त्यांना कळत नाही. मग घरात कॉपी केलेली, क्रॅक केलेली विंडोज. काही शे रुपयांत टाकून मिळते, सोबत काय काय येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. रीतसर, फुकट आणि सुरक्षित पर्याय समोर असताना आपण चोरीचा माल घरात आणतो आणि त्यावरून बँकेचा व्यवहार करतो. याला काटकसर म्हणत नाहीत.

माझ्या मागण्या चार आहेत. फार मोठ्या नाहीत.

पहिली, जिल्हा परिषद शाळा आणि ग्रामपंचायतींनी विंडोज १० चे कॉम्प्युटर निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी त्यावर लिनक्स चालवून बघावी. निधीतून, देणगीतून मोठ्या मुश्किलीने आलेली ही मशीन आहेत. सपोर्ट संपला या एका कारणाने ती भंगारात जाऊ नयेत. आणि ई-कचरा शेवटी आपल्याच कचरा डेपोवर येतो हे विसरू नका.

दुसरी, कार्यालयांनी मराठी कागद युनिकोडमध्येच करावेत आणि जाहीर करताना पीडीएफ द्यावी, तीही स्कॅन केलेलं चित्र नको, अक्षरं शोधता येतील अशी. ग्रामसभेचा ठराव आज लिहिला आणि दहा वर्षांनी फॉन्ट नाही म्हणून उघडला नाही, तर तो ठराव असून नसल्यासारखा.

तिसरी, कॉम्प्युटर क्लासवाल्यांनो, पूर्ण कोर्स बदला असं म्हणत नाही. तीन महिन्यांत एक दिवस पेनड्राइव्हवरून लिनक्स दाखवा. पोरांना कळू द्या की मशीन वेगळं आणि सिस्टिम वेगळी.

चौथी मागणी माझ्याच जातभाईंना, म्हणजे पत्रकार आणि डीटीपीवाल्यांना. जुन्या फाईल युनिकोडमध्ये उतरवायला घ्या. कन्व्हर्टर मिळतात. ते रफार आणि जोडाक्षरांत घोळ घालतात, म्हणून उतरवलेलं एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं. मी रोज रात्री पाच-सहा बातम्या उतरवतो. २०१३च्या उन्हाळ्यापर्यंत आलोय. आणि नवं टायपिंग इनस्क्रिप्टवर करा. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण हा कळफलक भारतीय प्रमाणात १९९१पासून आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हीत आधीपासूनच असतो. एकदा हात बसला की कोणत्याही मशीनवर बसा. यशोमुद्रा, यशोवेणुसारखे युनिकोड फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेने फुकट दिलेत. तेही दोन्हीकडं चालतात.

एक हरकत मला नेहमी ऐकावी लागते आणि ती रास्त आहे. "शेवगावात लिनक्स दुरुस्त करणार कोण?" विंडोज बिघडली तर स्टँडच्या आसपास चार दुकानं आहेत. लिनक्स बिघडली तर? आज तरी उत्तर असं की फार कोणी नाही. पण मोबाईल आले तेव्हाही गावात मोबाईल दुरुस्त करणारा कोणी नव्हता. गिऱ्हाईक झालं, मेकॅनिक झाले. आयटीआय, पॉलिटेक्निक, बीसीए झालेली आपली पोरं पुण्याला बारा-पंधरा हजारांवर राबतात. त्यातल्या दोघा-तिघांनी हे काम हातात घेतलं तर गावातच चार पैसे मिळतील. सिस्टिम फुकट आहे, ती नीट बसवून द्यायची मजुरी घ्यायला काहीच हरकत नाही.

आणि लिनक्सवर जा म्हणजे विंडोज वाईट असं माझं म्हणणं नाही. पंचवीस वर्षं तिच्यावरच भाकरी खाल्लीय. मुद्दा हक्काचा आहे. मशीन मी पैसे देऊन घेतलं. ते कधी म्हातारं झालं हे कंपनीने तारीख लावून ठरवावं आणि मी मान डोलवावी, हे मला मंजूर नाही. आणि माझ्या भाषेतला कागद उघडायला एका ठरावीक दुकानाची किल्ली लागावी, हे तर मुळीच मंजूर नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला, आपण पेढे वाटले. पण अभिजात भाषेतली वीस वर्षांपूर्वीची फाईल जर आज उघडत नसेल, तर पेढ्यांनी काय होणार?

घरात विंडोज १० चा कॉम्प्युटर असेल तर तो भंगारवाल्याला द्यायच्या आधी कॉमेंटमध्ये मॉडेल आणि रॅम लिहा. जेवढं मला कळतं तेवढं सांगीन, बाकी इथली जाणकार मंडळी सांगतील. आठ-दहा जण तयार झाले तर एखाद्या रविवारी शाळेची खोली मागून एकत्र बसू. येताना पेनड्राइव्ह आणि बॅकअपसाठी हार्ड डिस्क आणा. ज्यांच्याकडं जुन्या फॉन्टमधली साप्ताहिकं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका पडून आहेत त्यांनीही या. कॉम्प्युटर नंतर केव्हाही घेता येईल, त्या फाईली परत मिळणार नाहीत.